डावा हात

"इंजेक्शन भरा," डॉ. सुमेधा म्हणाली खरी, पण तिचा हात पुढे होईना.

खाटेवर चंद्रभागा, कळव्याच्या खाडीकाठची कोळीण. सकाळपासून छातीत कळ. ईसीजी सरळसरळ अटॅक सांगत होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लगेच द्यायला हवं. पण गेल्याच महिन्यात हिच्या पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलं होतं. औषधाने ते पुन्हा सुरू झालं तर थांबवणार कोण? अँजिओग्राफीची सोय ठाण्याच्या या रुग्णालयात नव्हती; त्यासाठी मुंबई गाठावी, तर रक्तदाब इतका खाली की मुलुंडसुद्धा गाठलं जाणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यात इकोच्या पडद्यावर भलतंच दिसलं. हृदयाचं टोक फुगून निपचित, वरचा भाग मात्र जोरात आवळणारा. अरुंद गळ्याचं मडकंच. एका परिषदेत जपानी डॉक्टरने असंच चित्र दाखवलं होतं. यात गुठळी नसते, माणसाला मोठा धक्का बसलेला असतो. नीट सांभाळलं तर असं हृदय आपोआप सावरतं.

सुमेधाने चंद्रभागाच्या थोरल्या मुलाला, दामाजीला, बाहेर गाठलं. आईला धक्का बसेल असं काही घडलंय का? तो भिंतीला टेकला. बाप गोमाजी पहाटे खाडीत बुडालेला सापडला होता.

"पण आईला नाय सांगितलेलं, मॅडम. बाबा आंबिवलीला आत्याकडे गेलेत म्हटलंय. कोळीवाड्यात सगळ्यांना तंबी दिलीय."

म्हणजे धक्का नाहीच. म्हणजे गुठळीच. सुमेधा जड पावलांनी आत आली आणि तिने भरलेली सिरिंज उचलली.

उजव्या हाताला सलाईन होतं. डावा हात चंद्रभागाने आल्यापासून पदराखाली घट्ट धरला होता. अटॅकमध्ये डावा हात दुखतोच, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. सुमेधाने तो हळूच बाहेर घेतला. मनगट मोकळं होतं.

सुमेधा ठाण्यातच वाढलेली. कोळणीचा उजवा हात लग्नापासून रिकामा असतो, त्या बांगड्या नवऱ्याच्या रक्षणासाठी दर्याला दिलेल्या असतात. डावा मात्र नवरा असेपर्यंत भरलेला.

"मावशी, बांगड्या?"

चंद्रभागाने पदराची गाठ सोडली. आत हिरव्या काचा होत्या.

सुमेधाने सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली.

"पहाटं मी पन बंदरावं होते, जाळ्यांच्या आड," चंद्रभागा पुटपुटली. "पोरांना बोलू नको, बाय. मना ठाव नाय असं त्यांना वाटतंय, म्हणून अजून उभी हायत ती."