टक्केसरांची हजेरी

"आई आहे ना अजून? मग सवलत कसली मागतेस?"

टक्केसरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोर उभ्या मुलीकडे पाहिलं. सर कॉलेजचे उपप्राचार्य आणि सवलत समितीचे अध्यक्ष. हजेरीचा टक्का सदान्‌कदा जिभेवर, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

"नियम काय सांगतो? जवळच्या नातेवाइकाचं निधन. निधन! आजारपण नव्हे." जणू मुलीच्या आईनं बरं होऊन कॉलेजची मोठीच गैरसोय केली होती.

मुलगी शेवटच्या वर्षाला होती. हजेरी कमी, म्हणून परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि हे वर्ष हुकलं की शिक्षणच हुकणार होतं. घरात पुढच्या वर्षाचं कुणी नावच काढत नव्हतं.

"दिवसभर करत काय होतीस दवाखान्यात? आजारी माणूस तर झोपूनच असतं."

"भरवायचं, कूस बदलायची, वेणी घालायची. दोघींची."

"दोघी? दुसरी कोण?"

"शेजारच्या खाटेवरच्या आजी. त्यांचा मुलगा फार कामात असतो म्हणे. डॉक्टर फेरीला आले की विचारायचे, ह्यांच्याबरोबर कोण आहे? आजी दाराकडे बघत बसायच्या. मग मीच म्हणायचे, मी आहे."

"कसली एकेक मुलं असतात!" सर हळहळले. मग मागं रेलून हसले. "पण ऐकलंत का बाई, आता शेजारच्या खाटेचीही हजेरी धरायची आपण!"

समितीच्या दुसऱ्या सदस्य ग्रंथपाल बाई. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"नामंजूर," सर म्हणाले. "एक मात्र मानलं तुला. मैत्रिणीकडून वर्गात तुझ्या नावाची प्रॉक्सी हजेरी लावून घेतली नाहीस. नाहीतर त्या बिचारीचंही वर्ष गेलं असतं."

मुलीनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि ती दाराकडे वळली.

"अगं, निघालीस कुठं? थांब जरा."

अडचण अशी होती, की 'नाही' म्हणायला सर एकटे पुरत. 'हो' म्हणायला मात्र दोघं लागत, त्यात एक विद्यार्थी, आणि तेही एकमतानं. नियम सरांचाच. विद्यार्थी प्रतिनिधीला हजेरी कमी भरली म्हणून काढून टाकलं होतं, तेही सरांनीच. आणि समोरचा दुसरा अर्ज खुद्द सरांचा होता. 'विद्यार्थ्यांमधील वक्तशीरपणा' या विषयावरचा त्यांचा प्रबंध वेळेत पुरा झाला नव्हता, आणि त्यांना मुदतवाढ हवी होती. आजच हवी होती.

"तूच बस इथं विद्यार्थी म्हणून," सर म्हणाले.

"पण सर, माझी हजेरी कमी आहे."

"एवढ्यापुरती सवलत!"

ज्याचा अर्ज त्यानं बाहेर बसायचं, हाही नियमच. सर ताठ मानेनं बाहेर गेले आणि मघाशी मुलगी बसली होती त्या बाकावर बसले. बाकाचा एक पाय आखूड होता. जरा हललं की बाक करकरायचा. समोरच्या भिंतीवर सरांनीच रंगवून घेतलेला फलक होता: 'प्रॉक्सी लावणाऱ्याचे वर्ष जाईल.' अक्षर सुरेख होतं. आयुष्यात प्रथमच सरांना तो बसून वाचावा लागत होता.

आत बाई त्यांचा अर्ज मोठ्यानं वाचत होत्या. "वृद्ध मातोश्रींच्या अहोरात्र शुश्रूषेमुळे..." मग सोबत जोडलेला दवाखान्याचा दाखला, आईचं नाव आणि खाटेचा क्रमांक धरून.

सर करकरले, म्हणजे बाक करकरला. आई दवाखान्यात होती हे काही खोटं नव्हतं. ठेवायला ते स्वतः गेले होते. आणायला गाडी पाठवली होती. मधल्या दिवसांत नव्या नियमावलीचं काम निघालं, त्याला कोण काय करणार? 'अहोरात्र' हा शब्द वाक्याला वजन यावं म्हणून घातला होता. आईनंही कधी तक्रार केली नव्हती. घरी आल्यावर उशीवर केस मोकळे सोडून एवढंच म्हणाली होती, "किती हलक्या हातानं वेणी घालायची रे ती पोर. मुळाला कळ म्हणून लागू द्यायची नाही."

नर्स असेल एखादी, असं तेव्हा सरांना वाटलं होतं.

बाक करकरायचा थांबला.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली. तिच्या मागं बाई उभ्या होत्या, आणि आता त्या खिडकीकडे नाही, थेट सरांकडे बघत होत्या.

"मंजूर झाला, सर. एकमतानं," बाई म्हणाल्या.

सर बाकावरून उठले नाहीत.

"कारण... पटलं का तुला?"

"आजी बऱ्या आहेत ना आता?" मुलीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "जेवताना त्यांना ठसका लागतो. घास लहान करून द्या."

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

मुलगी भिंतीवरचा फलक वाचत क्षणभर थांबली.

"दवाखान्यात रोज तुमची प्रॉक्सी मीच लावत होते, सर. तुमचा निकाल बरोबर आहे. नियमाप्रमाणे वर्ष माझंच जायला हवं."