बनुबाईचं कुन्नूर

"उटीत मुक्काम करू नका, लय गर्दी. तिथनं छोट्या रेल्वेनं खाली कुन्नूरला या. आन् खिडकी धरा," बनुबाई म्हणाली. शेजारची संयोगिता वहीत लिहून घेत होती.

कडेगावच्या त्या गल्लीत कुन्नूरच्या सहलीचा बेत बनुबाईच्या ओट्यावर बसल्याशिवाय पक्का होत नसे. तिचा लेक साईराज अकरा वर्षं तिथं होता. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान. त्या भागातली कितीतरी पोरं या धंद्यापायी देशभर पांगलेली. त्यामुळे परमुलखात गेलं की गावच्या गलाईवाल्याकडेच उतरायचं, ही रीत पडून गेली होती.

चहाच्या मळ्यात सकाळी धुकं कसं उतरतं, साईराजच्या दारातून डोंगर कुठला दिसतो, हे बनुबाई असं सांगे की मे महिन्यातही ऐकणाऱ्याला गार वाटावं. पण ते सगळं ऐकीव होतं. जाऊन आलेल्यांना ती खोदून खोदून विचारी आणि साठवून ठेवी. तिला स्वतःला साईराजनं कधी 'ये' म्हटलं नव्हतं. आपण होऊन विचारायचं तिच्या जिवावर येई. गल्लीतलंही कुणी 'काकी, चला की' म्हणत नसे. याचं मात्र तिला नवल वाटे, आणि वाईटही.

"स्वेटर हाय का तुला?"

"न्हाई वो काकी. इट्याच्या बाजारात बघते आता."

"कशाला? माझा हाय की. थांब."

ती आत गेली. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली, स्वेटर होता. साईराजनं दुकान टाकलं त्याच महिन्यात तिनं तो घेऊन ठेवला होता.

बाहेर संयोगितानं साईराजला फोन लावला. हातात वही-पेन, म्हणून स्पीकर चालू केला.

"या की वैनी, घर आपलंच हाय," साईराजचा आवाज आतपर्यंत आला. "मागची खोली रिकामीच हाय."

"मग काकींनाबी आणू का संगं?"

"दरसाल बोलावतो वो मी. तीच म्हंती, मला थंडी सोसत न्हाई."

"व्हय, गेल्या साली तुमच्याकडं येऊन गेलेली यशराजच्या घरचीबी तेच सांगत हुती."

बनुबाईचा हात ट्रंकेतच राहिला. अकरा वर्षं ती नको नको म्हणत आली होती आणि सगळ्या गल्लीत हे फक्त तिलाच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बाहेर जावं आणि खरं काय ते सांगून टाकावं. पण लेकाला लोकांसमोर खोटं पाडायला तिची जीभ रेटेना. तिनं स्वेटर बाहेर काढला. मग उठली.

संयोगितानं मान वर केली. भर उन्हाळ्यात काकी अंगात स्वेटर घालून उंबऱ्यात उभी होती. बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती.

बनुबाई फोनपाशी वाकली.

"साईराज, औंदा सोसंल रं मला थंडी."