अर्धा तास

डिचोलीची बस वळणावर थांबलेली शालिनीला जनेलातून दिसली. तिने सिद्धीच्या हातातला टॅबलेट काढून घेतला, पडद्यावरचे बोटांचे ठसे पदराने पुसले आणि तो फळीवर चार्जिंगला लावला. आईला यातले काही सांगायचे नाही, हे साडेचार वर्षांच्या सिद्धीला आता न बजावताही कळत होते.

टॅबलेट सिद्धीच्या आईने, वैशालीने आणला होता. वैशाली ही शालिनीची धाकटी जाऊ. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला. टॅबलेटवर अक्षरे गिरवायची, आकडे जुळवायचे. बरोबर आले की पडद्यावरचा पोपट पंख फडफडवायचा. नियमही वैशालीनेच घातला होता. दिवसातून अर्धा तास, आणि तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून. तो अर्धा तास तिने स्वतःकडे ठेवला. कामावरून आली की हातपाय धुऊन ती सिद्धीला मांडीवर घ्यायची आणि खोलीचे दार लोटून दोघी बसायच्या. आतून हसण्याचा आवाज यायचा. बाहेर शालिनी भाजी चिरत असायची.

सिद्धीला बालवाडीतून आणायचे, भरवायचे, न्हाऊ घालायचे, ताप आला तर उशाशी बसायचे, हे सगळे शालिनीकडे. सिद्धी तिला मोठी आई म्हणायची. पण पाच वाजले की पोर दारात जाऊन उभी राहायची आणि आई कधी येणार म्हणून दर थोड्या वेळाने विचारायची. शालिनीला ते ऐकवेना. पंधरा दिवसांपूर्वी एका दुपारी तिने फळीवरचा टॅबलेट काढून सिद्धीच्या हातात दिला आणि हवा तितका वेळ बस म्हणून सांगितले. संध्याकाळ होईपर्यंत पोरीला त्याचा कंटाळा यावा, एवढेच तिच्या मनात होते.

झालेही तसेच. सिद्धी आता आईच्या मांडीवर बसून जांभया द्यायची. अक्षर पुरते उमटायच्या आधीच ‘हे झालंय’ म्हणायची आणि मध्येच उठून यायची. अर्ध्या तासाच्या आत खोलीचे दार वाजले की चुलीपुढे उभ्या शालिनीला बरे वाटायचे. दुपारी भाताचा घास पुढे केला, तर सिद्धी वर न बघता नुसते तोंड उघडते, हेही तिने पाहिले होते. पण त्याचा विचार तिने केला नाही.

आज वैशाली आली, तिने उंड्या पावांची पिशवी मेजावर ठेवली आणि हातपाय न धुता सरळ फळीपाशी गेली. टॅबलेट काढून तिने त्याच्या पाठीवर तळहात ठेवला.

“गरम आसा,” ती म्हणाली.

चार्जिंगला लावला होता म्हणून, असे शालिनीने सांगितले.

वैशालीने मान हलवली. मग आवाज न चढवता तिने सांगितले, की टॅबलेट दिवसभरात किती वेळ चालला ते तिच्या मोबाइलवर कळते. काल तीन तास चाळीस मिनिटे. आठ दिवस ती हे बघत होती. जेवणाच्या सुट्टीत आदल्या दिवसाचा आकडा बघायची आणि मग तिला डबा जायचा नाही.

आता ही बोलणार, म्हणून शालिनीने मनातल्या मनात उत्तरे जुळवली. तुझी पोर तू सांभाळ, मी काही कामाला ठेवलेली बाई नाही. पण वैशाली खुर्चीवर बसली. टॅबलेट तिने मांडीवर धरला होता.

“वयनी, सिद्धी दिवसभर तुमच्याकडे असता,” ती म्हणाली. “जेवण तुमच्या हातचां, आंघोळ तुमच्या हातची. राती निजेत कूस बदलता तेव्हा ‘मोठी आई’ म्हणता. माझां नाव घेना नाय. एक अर्धो तास होतो माझो.”

शालिनीला आधी आनंदच झाला. तो तिला आवरता आला नाही. रोज म्हणते का, असे विचारायचे तिच्या अगदी ओठावर आले होते. मग वैशालीच्या तोंडाकडे लक्ष गेले आणि तिने मान खाली घातली.

“ता पाचापासून दारात तुझी वाट बघी,” ती म्हणाली. “माका बघवला नाय.”



आवाज ऐकून सिद्धी खोलीतून बाहेर आली. दोघींच्या मध्ये येऊन तिने दोन्ही हात पुढे केले. तिला घ्यायला दोघी एकदमच वाकल्या. सिद्धीने आईच्या हातातला टॅबलेट ओढला.

वैशालीने तो सोडवून घेतला, बंद केला आणि कपाटावर चढवला. सिद्धीने जमिनीवर अंग टाकले. टाचा आपटत ती रडू लागली. शालिनी तिला उचलायला पुढे झाली आणि थांबली. वैशालीनेही हात पुढे केला होता. तिनेही तो मागे घेतला.

मग एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, अशा दोघी जमिनीवर बसल्या. रडून झाल्यावर पोर आपण होऊन कोणाकडे येते, याची वाट बघत.