पाय दक्षिणेला

“इथे वारा फार आहे,” म्हणत टिपणीस सरांनी अर्धा उभारलेला तंबू पुन्हा गुंडाळला. उद्या हिमालयातली खिंड चढायची, तर आज झोप नीट हवी, हे चारुशीलाबाईंनाही पटत होतं. पण नवरोबांना पुढची जागा ओली वाटली, त्यापुढची दगडाळ. आणि मग,

“इथे पाय दक्षिणेला येतात.”

बाई थबकल्याच. विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला हा माणूस, दक्षिणेकडे पाय करून झोपू नको म्हणणाऱ्या स्वतःच्या आईलाही हसायचा!

“अहो, यमाला कधीपासून घाबरायला लागलात?”

सर हसले नाहीत. कपाळ दाबून धरलं होतं, धाप लागली होती. आता बाईंच्या लक्षात आलं, प्रत्येक नवी जागा आधीच्या जागेपेक्षा खालीच होती. विरळ हवा बाधली होती, पण कबूल करतील तर शपथ!

“माझं डोकं ठणकतंय हो मघापासून. खिंड राहू दे, खाली गावातच उतरू या का?”

सरांचा चेहरा खुलला. “तरी मी म्हणत होतो, तुला झेपायचं नाही!”

“नाहीच झेपत बाई,” म्हणत चारुशीलाबाईंनी सरांची सॅकसुद्धा उचलली.