झंबालियाचं स्टेडियम

दिवाळीत एकलहऱ्याच्या कॉलनीतली मुलं मातीचे किल्ले करायची. आमची तृप्ती मात्र स्टेडियम करायची. झंबालिया नावाचा देश तिनेच काढलेला. तिथे फुटबॉल आणि रग्बी एकाच मैदानावर चालायचे. मैदानात गवत म्हणून मोहरी पेरायचं काम तिच्या आईचं, उज्वलाचं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत उज्वलाने मोहरी टाकली, पण पाणी घालायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. स्टेडियमची कोरडी माती मी पोत्यात भरून ठेवली.

पुढच्या दिवाळीत तृप्तीने ते पोतं ओढत अंगणात आणलं. शेजारच्या चंद्रभागाकाकू म्हणाल्या, "पोरी, यंदा तुमच्यात सण नसतो गं. घरात दुखवटा हाय."

"दुखवटा घरात आहे काकू, झंबालियात नाही."

मी माती भिजवली. दोघांनी मिळून प्रेक्षकांच्या पायऱ्या केल्या, मधे मैदान केलं.

"बाबा, मोहरी?"

"राहू दे. ते आईचं काम होतं."

"मग रग्बीवाल्यांचे गुडघे फुटतील."

"फुटू देत."

पायऱ्या तडकू नयेत म्हणून ती रोज पाणी शिंपडायची. भाऊबीजेच्या सकाळी तिने मला हाताला धरून बाहेर नेलं. मैदानात आणि सगळ्या पायऱ्यांवर हिरवे कोंब दाटीने उभे होते.

"काय हो बाबा, प्रेक्षकांच्या जागेवर पण टाकलीत? आई फक्त मैदानात टाकायची."



मी मोहरीला हातसुद्धा लावला नव्हता.