दोरीच्या आत

दोरीच्या आत नवऱ्याचा हात दिसला आणि बाई चढावरच थांबल्या. सावलीत बसतो म्हणालेले ते, पाठमोरे, गुडघे टेकून गवत उपटत होते. शेजारी उपटलेले ठोंब नीट रचून ठेवले होते, निवडायला घेतलेल्या भाजीसारखे.

डोंगरमाथ्यावरच्या, दोरीने आखलेल्या या दोन वाफ्यांत बाईंची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतरचे उन्हाळेही. निळ्या फुलांचं हे बुटकं रोप फक्त माथ्यावर उगवायचं. बाई त्याला ठेंगणी म्हणत. हवा तापत चालली आहे, त्यात ती टिकेल का, एवढाच प्रश्न. एका वाफ्यातलं गवत बाई स्वतः काढत. तिथे ठेंगणी ऊन सोसूनही फुलायची. दुसऱ्या वाफ्याला, आत्ता ते बसले होते त्याला, मात्र कुणी हात लावायचा नाही.

उष्मा वाढला तसं खालचं उंच गवत डोंगर चढून आलं. ओसरी मिळाली, त्याने पाय पसरले. दोरीबाहेर ठेंगणी औषधालाही उरली नाही. पण हात न लावायच्या वाफ्यात ती दर वर्षी फुलत होती. इथली माती वेगळी असेल, असं बाई म्हणत. फार खोलात त्या गेल्या नव्हत्या. ठेंगणी गवतातही तग धरते, असं त्या जिथे तिथे सांगत आल्या होत्या.

“अहो.”

हात थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“कधीपासून चाललंय हे?”

“दोरीबाहेरची संपली म्हणून तू इथे बसून रडली होतीस ना, तेव्हापासून.” त्यांनी बोटांची माती झटकली. “सगळं नाही गं काढत. तुला कळू नये इतपतच.”

“नसती उठाठेव.”

“अगं, गुदमरत होती ती.”

“गुदमरते का, तेच तर बघायचं होतं.”

बाई दोरी ओलांडून त्यांच्याशेजारी बसल्या. चिडायला हवं होतं. पण चिडायलाही अंगात जोर लागतो. समोर मोकळ्या मातीत ठेंगणी लाडावलेल्या लेकीसारखी डोलत होती.

बाईंनी एक ठोंब उचलला, बोटाने खळगा केला, मुळं आत बसवली.

“परत लावतेस?”

“काढलंत तिथेच. तुम्हीही लावा.”

“जगेल का आता?”

“हे? हे कुठेही जगतं.”

दोघं मान खाली घालून लावत राहिली. शेवटचा ठोंब अगदी ठेंगणीला खेटून काढलेला होता. तो हातात धरून ते बसले. बाईंनी तो त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला, लावला, भोवतालची माती दाबली.

उतार अजून सगळा बाकी होता, आणि बाटलीत दोघांपुरतं पाणी. बाईंनी ते गवताच्या मुळाशी ओतलं.