सत्तेचाळीस नंबरचा लिफाफा

मोठ्या डॉक्टरांनी सत्तेचाळीस नंबरचा लिफाफा एक्स-रे बघायच्या पेटीवर धरला, बटण दाबलं आणि मान तिरकी करून आतलं अक्षर वाचलं.

"अ आहे. नऊ नंबरच्या खाटेला नको. बाराला द्या."

"नऊ नंबर आधी आलेत, साहेब," सिस्टर म्हणाली. "सत्तेचाळीस त्यांचा."

"त्यांचा श्वास बघितलात? दोन दिवस काढले तरी खूप. असला पेशंट अ मध्ये गेला की औषधाचं नाव खराब करतो."

साथीच्या रोगावर खास औषध निघायला अवकाश होता, म्हणून जंतांवरची एक जुनी गोळी लावून बघायचं चाललं होतं. अर्ध्या रुग्णांना ती, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली, ते बंद लिफाफा ठरवणार. रुग्ण आला की नंबराने पुढचा लिफाफा, आणि फोडेपर्यंत आत कुणी बघायचं नाही. अ म्हणजे काय आणि ब म्हणजे काय, हेही वॉर्डात कुणाला ठाऊक नसायला हवं होतं. पण अ कडूजहर लागायची आणि ब ला चवच नव्हती. तिसऱ्या दिवशी ते झाडूवाल्या मावशींनाही कळलं होतं.

नऊ नंबरवर एक बस कंडक्टर होता. तासाभरापूर्वी सिस्टरनेच त्याच्यापुढे संमतीचा कागद धरला होता.

"खरी गोळी... ओळखीनं मिळते का हो, ताई?" त्याने दम खात विचारलं होतं.

"इथे ओळख चालत नाही, काका. लिफाफ्यात निघेल ते."

"हे बरं. मीपण सख्ख्या मेव्हण्याला कधी फुकट बसवलं नाही." त्याने सही केली. "फाडा मग तिकीट. फक्त वरचं फाडू नका." तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला.

आता डॉक्टरांनी सत्तेचाळीसवर बारा नंबरचं नाव घातलं. बारा नंबर म्हणजे व्यायामशाळेतले मास्तर. जेवण कमी पडतं म्हणून ते सकाळपासून भांडत होते.

दार उघडून तपासनीस आत आले. महिन्यातून एकदा येऊन चाचणी नियमाने चालली आहे ना, हे बघणं त्यांचं काम. मास्क हनुवटीवर होता. डॉक्टरांनी पुढे केलेल्या बशीतलं बिस्किट उचलून त्यांनी नोंदवही चाळली.

"अ मध्ये एक मृत्यू, ब मध्ये अकरा! गोळी आहे की संजीवनी?"

"जुनं ते सोनं," डॉक्टर म्हणाले.

"सोमवारी निकाल जाहीर करतायत. मंगळवारपासून दुकानांपुढे रांगा बघा."

"लागू द्या की."

पानाच्या तळाशी छापलं होतं : 'सर्व लिफाफे क्रमाने व आत न पाहता उघडले.' त्याखाली दोन रकाने, एक सिस्टरच्या सहीचा, एक तपासनीसांच्या. बिस्किटाचा चुरा त्या ओळीवर सांडला. तपासनीसांनी फुंकर मारून तो उडवला आणि वही सिस्टरकडे सरकवली.

"चला, करा सही."

चुऱ्याचे दोन कण तिच्या मनगटावर येऊन चिकटले होते. तिने ते पुसले. पेन घेतलं नाही. टेबलावरच्या गठ्ठ्यातले पुढचे चार लिफाफे तिने उचलले, पेटीवर ओळीने लावले आणि बटण दाबलं.

"डॉक्टर लिफाफे असे आत बघून वाटतात, साहेब. मरणारा दिसला की त्याला ब. सत्तेचाळीस नऊ नंबरच्या काकांचा होता."

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं, थांबत होतं, पुन्हा खोकत होतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

तपासनीस उठून पेटीजवळ गेले. वाकले. चारही अक्षरं त्यांनी ओठ हलवत वाचली. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"सिस्टर, दिवा बंद करा. डोळ्यांवर येतोय."

तिने हाताची घडी घातली.

"बरं. तुमचा रकाना दुसऱ्या पाळीची सिस्टर भरेल," ते शांतपणे म्हणाले. त्यांनी वही पेटीजवळ ओढली आणि त्याच उजेडात, डोळे किलकिले करून, आपल्या रकान्यात ठसठशीत सही केली.